घरून काम व शिक्षण

घरून काम व शिक्षण : कार्यालय, न्यायालय, शाळा, महाविद्यालय इ. ठिकाणी प्रत्यक्ष उपस्थित न राहता संगणक, स्मार्टफोन, आंतरजाल, दूरचित्रवाणी यांसारख्या साधनांच्या साहाय्याने राहत्या घरातून नोकरी-व्यवसायाचे काम करण्याची, मुलांना शिकविण्याची व स्वतः अध्ययन करण्याची पद्धती. कामाच्या संदर्भात ‘दूरकार्य’ व अध्ययन-अध्यापनाच्या संदर्भात ‘दूरशिक्षण’ अशा संज्ञा वापरल्या जातात. या दोन्हींचा इतिहास स्वतंत्र आहे. दूरशिक्षण हे मुख्यतः प्रौढांनी स्वेच्छेने पत्करलेले शिक्षण होते, तर दूरकार्य हा विशिष्ट व्यवसायांतील थोड्या लोकांचा विशेषाधिकार होता. कोविड-१९ च्या महासाथीत (२०२०–२२) हे दोन्ही प्रवाह एकाच घरात, बहुधा एकाच खोलीत आणि पुष्कळदा एकाच भ्रमणध्वनीवर एकत्र आले. त्या काळात या पद्धतीचे जे गुणदोष प्रकट झाले, ते मराठवाड्यातील छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहर व जिल्हा यांच्या उदाहरणावरून चांगले स्पष्ट होतात. कारण मोठी औद्योगिक वसाहत, उच्च न्यायालयाचे खंडपीठ, विद्यापीठ आणि डोंगराळ कोरडवाहू गावे ही सर्व या एका जिल्ह्यात आढळतात.

पूर्वेतिहास : घर हेच कामाचे ठिकाण असणे ही मुळात नवी गोष्ट नव्हे. यंत्रयुगापूर्वी कारागिराचे घर व कारखाना यांत भेद नव्हता. पैठण येथील पैठणीचे माग आणि औरंगाबाद शहरातील कापूस व रेशीम यांच्या मिश्र विणीच्या हिमरू वस्त्राचे माग घरातच असत. पुरुष विणीत, स्त्रिया व मुले सूत उकलण्यापासून कांड्या भरण्यापर्यंतची कामे करीत आणि हे करतानाच मूल धंदा शिके. काम व शिक्षण यांची घरातून फारकत केली ती कारखाना व शाळा या दोन आधुनिक संस्थांनी. घंटा, हजेरीपट व ठरावीक वेळ या तिन्ही गोष्टी दोन्ही संस्थांत समान आहेत, हा योगायोग नव्हे. मात्र जुन्या घरकामाची प्रशंसा करताना त्यातील अल्प मजुरी व मध्यस्थाचे वर्चस्व विसरता येत नाही. विडी वळणे, शिवणकाम इ. घरबसल्या कामांत स्त्रियांची जी पिळवणूक होत आली आहे, तिची दखल घेऊन आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये गृहकामाविषयीचा संकेत (क्र. १७७) संमत केला; भारताने त्यास अनुसमर्थन दिलेले नाही.

विद्युत् संदेशवहनावर आधारलेल्या दूरकार्याची कल्पना अमेरिकेत जॅक नाइल्स यांनी १९७३ मध्ये मांडली. त्या वर्षी उद्भवलेल्या इंधनटंचाईमुळे कामगाराला कामाकडे नेण्याऐवजी काम कामगाराकडे नेणे स्वस्त पडेल, हा त्यांचा युक्तिवाद लक्ष वेधून गेला. ॲल्विन टॉफ्लर यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द थर्ड वेव्ह’ या ग्रंथात घर हे पुन्हा उत्पादनाचे केंद्र बनेल, असे भाकीत केले. प्रत्यक्षात पुढील चार दशके हे भाकीत फारच मंद गतीने खरे होत गेले. याचे कारण यंत्रसामग्रीत नव्हते. ती तर १९९५ नंतर झपाट्याने उपलब्ध झाली. डोळ्यांसमोर नसलेला मनुष्य काम करीत असेल, यावर व्यवस्थापकांचा विश्वास बसत नव्हता.

दूरशिक्षणाची परंपरा याहून जुनी आहे. इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन यांनी १८४० च्या सुमारास टपालाने लघुलेखन शिकविण्यास प्रारंभ केला, तर लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये बहिःस्थ पदव्यांची सोय केली. भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. उपग्रहाद्वारे खेडोपाडी दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा १९७५-७६ मधील प्रयोग सहा राज्यांतील सु. २,४०० गावांत झाला; महाराष्ट्र या सहा राज्यांत नव्हता. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑगस्ट १९८४ मध्ये दूरदर्शनवरून देशव्यापी वर्ग सुरू केला. महाराष्ट्रात नासिक येथे १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू होत. मराठवाड्यात या विद्यापीठास विशेष महत्त्व आले. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मराठवाडा विद्यापीठ (१९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ) २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन होईपर्यंत येथील महाविद्यालयांना हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठावर अवलंबून राहावे लागे. शिक्षण अर्धवट राहिलेली एक मोठी पिढी येथे होती आणि शेती, नोकरी वा संसार सांभाळून घरी अभ्यास करणे हाच तिला एकमेव मार्ग होता.

साधने व त्यांचे कार्य : घरून चालणारे शिक्षण व काम यांचे तंत्रदृष्ट्या दोन प्रकार पडतात. ज्यात बोलणारा व ऐकणारा एकाच वेळी जोडलेले असतात तो समकालिक आणि ज्यात संदेश साठवून ठेवून सवडीने पाहता येतो तो असमकालिक प्रकार होय. दूरदृश्य संवाद हा पहिल्याचा, तर ध्वनिमुद्रित पाठ, चित्रफीत, व्हॉट्सॲपवरून पाठविलेले स्वाध्याय व ई-पत्र ही दुसऱ्याची उदाहरणे होत.

दूरदृश्य संवादात कॅमेऱ्याने टिपलेले चित्र व ध्वनी यांचे अंकीय संकेतांत रूपांतर होते. प्रत्येक चित्र संपूर्ण न पाठविता आधीच्या चित्राहून त्यात जेवढा फरक पडला असेल तेवढाच पाठविण्यात येतो. ही माहिती लहान लहान पुडक्यांत विभागली जाऊन मध्यवर्ती संगणकामार्फत इतर सहभागींकडे जाते. पुडकी उशिरा पोहोचली वा गहाळ झाली, की चित्र गोठते व आवाज तुटतो. ध्वनीला लागणारी माहिती चित्राच्या मानाने फारच थोडी असल्यामुळे चित्र बंद केल्यास संभाषण बहुधा सुधारते; महासाथीच्या काळात शिक्षक मुलांना कॅमेरा बंद ठेवण्यास वारंवार सांगत, त्याचे हे कारण होय. शिक्षकाला मुलांचे चेहरे दिसेनासे झाले आणि विषय समजला की नाही हे चेहऱ्यावरून ओळखण्याचे त्याचे सर्वांत जुने साधन गेले, ही या सोयीची किंमत होती.

मध्यम प्रतीच्या चित्रासह चालणाऱ्या एक तासाच्या सामूहिक वर्गास सु. अर्धा ते एक गिगाबाइट माहिती खर्ची पडते. दिवसाला दीड गिगाबाइटची मर्यादा असलेल्या भ्रमणध्वनी-जोडणीवर पंचेचाळीस मिनिटांच्या दोन तासिका एका मुलाने केल्या, तर तेवढ्यानेच त्या दिवसाचा बहुतेक साठा संपतो. घरात दुसरे शाळकरी मूल असल्यास त्याच्या वाट्याला काही उरत नाही. यांखेरीज आंतरजालाची जोडणी घेणाऱ्यापर्यंत माहिती वेगाने येते, परंतु त्याच्याकडून बाहेर जाताना ती पुष्कळदा संथ असते. त्यामुळे पाठ पाहणाऱ्यापेक्षा तो देणाऱ्या शिक्षकाची अडचण मोठी ठरते. शहरात प्रकाशतंतूच्या जोडणीमुळे ही अडचण कमी झाली. मात्र अजिंठ्याच्या डोंगररांगांत वसलेल्या कन्नड व सोयगाव तालुक्यांसारख्या भागांत मनोऱ्याकडून येणाऱ्या लहरींना डोंगर आड येतात, आणि वीजपुरवठा खंडित झाला की उपकरणेही निरुपयोगी होतात.

अशा परिस्थितीत असमकालिक पद्धत अधिक उपयुक्त असते. घरातील एकमेव स्मार्टफोन दिवसभर वडिलांबरोबर शेतात वा कारखान्यात असेल, तर सकाळी दहाचा वर्ग मुलाला मिळत नाही; परंतु त्याच पाठाची ध्वनिफीत व फळ्याचे छायाचित्र रात्री आठ वाजता पाहता येते. शहरी खाजगी शाळांनी मात्र वेळापत्रकासह संपूर्ण शाळाच पडद्यावर आणण्याचा अट्टहास केला. पालकांकडून घेतलेल्या शुल्काचे समर्थन त्यामुळे होत असे, हे त्यामागील एक कारण होते.

महासाथीतील शाळा : महाराष्ट्रातील शाळा मार्च २०२० च्या मध्यास बंद होऊ लागल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. दहावीच्या परीक्षेचा भूगोलाचा शेवटचा पेपर रद्द झाला. पुढील वर्षी, म्हणजे २०२१ मध्ये, दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा होऊच शकल्या नाहीत व अंतर्गत मूल्यमापनावरून निकाल लावण्यात आले. औरंगाबाद शहरात जुलै २०२० मध्ये पुन्हा नऊ दिवसांची कडक संचारबंदी पुकारण्यात आली. नववी ते बारावीचे वर्ग नोव्हेंबर २०२० पासून व पाचवी ते आठवीचे जानेवारी २०२१ पासून स्थानिक परिस्थितीनुसार उघडले, पण दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाले. प्राथमिक वर्गांना राज्य शासनाने अनुमती दिली ती डिसेंबर २०२१ मध्ये. जानेवारी २०२२ मध्ये आणखी एकदा खंड पडला. अर्थात जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलाने जवळजवळ दोन इयत्ता शाळेबाहेर ओलांडल्या. अक्षरओळख व अंकओळख होण्याचे हेच वय असते.

राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने एप्रिल २०२० पासून ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या नावाची दैनंदिन अभ्यासमाला पाठविण्यास आरंभ केला. तीत केंद्र शासनाच्या दीक्षा (२०१७) या मंचावरील पाठांचे दुवे असत. पाठ्यपुस्तकांतील जाळीदार चौकोनी संकेतचिन्ह स्मार्टफोनने टिपून पाठाशी निगडित चित्रफीत उघडण्याची सोय महाराष्ट्रातील पुस्तकांत आधीच झालेली होती. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचा या कल्पनेच्या प्रसारात मोठा वाटा असून त्यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने १४ जुलै २०२० रोजी प्रसृत केलेल्या ‘प्रज्ञाता’ या मार्गदर्शक सूचनांनी पडद्यासमोर बसण्याच्या वेळेस मर्यादा घातली : पूर्वप्राथमिक मुलांस दिवसाला तीस मिनिटांहून अधिक नको, पहिली ते आठवीस तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या दोन व नववी ते बारावीस अशा चार तासिका.

साधनांची उपलब्धता पाहता या सूचना मूठभरांनाच लागू पडणाऱ्या होत्या. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) भारतातील १०·७% कुटुंबांकडेच संगणक आढळला होता, तर आंतरजालाची सोय २३·८% कुटुंबांकडे होती. ग्रामीण भागात हेच प्रमाण अनुक्रमे ४·४% व १४·९% होते. ‘असर’ या ग्रामीण पाहणीनुसार शाळेत नाव असलेल्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे देशातील प्रमाण २०१८ मधील ३६·५ टक्क्यांवरून सप्टेंबर २०२० मध्ये ६१·८% झाले. दोन वर्षांत झालेली ही वाढ थोडी नव्हे. तीमागे कर्ज काढून वा दागिना-जनावर विकून घेतलेले फोनही होते. तथापि फोन घरात असणे व तो मुलाच्या हाती येणे यांत अंतर आहे. याच पाहणीत, आदल्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले सु. एक-तृतीयांशच आढळली.

गाडीवाट येथील प्रयोग : छत्रपती संभाजीनगर शहरापासून सु. २५ किमी.वर असलेल्या गाडीवाट या गावच्या जिल्हा परिषद शाळेचे उदाहरण या संदर्भात उल्लेखनीय आहे. या शाळेने सप्टेंबर २०१९ मध्ये, म्हणजे महासाथीपूर्वीच, चौथी ते आठवीच्या मुलांना एखादी परकीय भाषा निवडून शिकण्याची मुभा दिली. यंत्रमानव व तंत्रविद्या यांविषयीच्या कुतूहलामुळे बहुसंख्य मुलांनी जपानी भाषा निवडली. जपानी जाणणारा शिक्षक गावात नव्हता आणि पाठ्यपुस्तकही नव्हते. तेव्हा आंतरजालावरील चित्रफिती व भाषांतराची उपयोजने यांवरच शिक्षकांनी सुरुवात केली. ही वार्ता कळल्यावर शहरातील एका भाषातज्ज्ञाने जुलै २०२० पासून दूरदृश्य पद्धतीने विनामूल्य पाठ देण्यास आरंभ केला. ज्या टाळेबंदीने इतरत्र शाळा थांबली, तिच्यात येथे एक नवा विषय सुरू राहिला.

परंतु या प्रयोगाचे खरे वैशिष्ट्य जपानी भाषेत नाही. गावातील सर्व मुलांकडे स्मार्टफोन नव्हते. यावर शाळेने ‘विषयमित्र’ ही योजना काढली. ज्या मुलाच्या घरी फोन आहे त्याने पाठ ऐकावयाचा व नंतर तो आपल्या फोन नसलेल्या सोबत्यांना शिकवावयाचा, असे तिचे स्वरूप होते. यामुळे एका उपकरणाचा लाभ अनेकांस मिळाला, हा हिशेब उघडच आहे. त्याहून महत्त्वाचे असे, की पाठ ऐकणाऱ्या मुलावर तो समजून घेण्याची जबाबदारी आली. कारण थोड्याच वेळात तो त्याला दुसऱ्यास सांगावयाचा होता. मोठ्या मुलांनी लहानांस शिकविण्याची रीत जुन्या गावठी शाळांत सर्वत्र होती आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्रू बेल यांनी ती मद्रासेतून इंग्लंडला नेली होती. गाडीवाटच्या शाळेत तीच रीत नव्या साधनाच्या अपुरेपणातून पुन्हा उपयोगास आली. अर्थात ज्या गावात शिक्षक स्वतः उत्साही होते तेथेच हे घडले. योजना म्हणून शासकीय परिपत्रकाने ती सर्वत्र लागू केली असती, तर हाच परिणाम दिसला असता असे मानण्यास आधार नाही.

राज्यात इतरत्रही शिक्षकांनी फोनला पर्याय शोधले. सोलापुरातील नीलमनगर या कामगारवस्तीत घरांच्या बाह्य भिंतींवर धडे रंगविण्यात आले, तर पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांत ध्वनिवर्धकावरून पाठ ऐकविले गेले. सर्वांत व्यापक पर्याय दूरचित्रवाणीचा होता. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या प्रतिष्ठानाने निर्मिलेली ‘टिलीमिली’ ही मालिका दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरून २० जुलै ते २६ सप्टेंबर २०२० या काळात दाखविण्यात आली. पहिली ते आठवी या प्रत्येक इयत्तेचे साठ, असे तिचे एकूण ४८० भाग होते. फळ्यासमोरील व्याख्यान टाळून घर, अंगण व स्वयंपाकघर यांतील वस्तूंच्या आधारे पाठ्यपुस्तकातील संकल्पना उलगडण्यावर तिचा भर होता. दूरचित्रवाणीस माहितीच्या साठ्याची मर्यादा नसते, एका पडद्यासमोर दहा मुले बसू शकतात व पाठाचा दर्जा गावागणिक बदलत नाही. उलट, मुलाने विचारलेला प्रश्न तिला ऐकू येत नाही. स्मार्टफोनच्या भरात या जुन्या साधनाकडे जेवढे लक्ष द्यावयास हवे होते तेवढे दिले गेले नाही, असे म्हणावे लागेल.

घरी शिकविण्याचा भार अखेर पालकांवर, विशेषतः आईवर पडला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील साक्षरतेचे प्रमाण सु. ७९% असले, तरी स्त्रियांत ते सु. ७०% होते. जी आई स्वतः शाळेत गेली नाही, तिने पाचवीच्या मुलाचा अपूर्णांकांचा स्वाध्याय तपासावा, ही अपेक्षाच अवास्तव होती. ऊसतोडणीसाठी दरवर्षी दिवाळीनंतर स्थलांतर करणाऱ्या मराठवाड्यातील कुटुंबांच्या बाबतीत तर ‘घरून शिक्षण’ या शब्दप्रयोगातील घरच सहा महिने फडावरच्या कोपीत असते. शाळा बंद राहिल्यामुळे मुलगा आईवडिलांबरोबर कामाला जाऊ लागणे व मुलीचे लग्न लवकर उरकणे या जुन्या प्रवृत्तींना पुन्हा वाव मिळाला.

झालेली हानी पुढे मोजली गेली. तिसरीतील जी मुले दुसरीचा परिच्छेद वाचू शकत, त्यांचे ग्रामीण भारतातील प्रमाण ‘असर’नुसार २०१८ मध्ये २७·३% होते, ते २०२२ मध्ये २०·५% झाले, पाचवीत ते ५०·५ टक्क्यांवरून ४२·८ टक्क्यांवर आले. याच काळात शाळेत नाव असलेल्या मुलांचे प्रमाण मात्र घटले नाही. मुले पटावर होती, पण वाचनात मागे पडली होती.

घरून काम : अमेरिकेतील सु. ३७% नोकऱ्यांचे काम संपूर्णपणे घरून होऊ शकते, असा अंदाज शिकागो विद्यापीठातील जोनाथन डिंगेल व ब्रेंट नीमन यांनी २०२० मध्ये केला. उत्पन्नाचे मान कमी असलेल्या देशांत हे प्रमाण बरेच कमी आहे, असेही त्यांना आढळले. छत्रपती संभाजीनगरच्या अर्थव्यवस्थेकडे पाहिले असता याचे कारण कळते. चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींत वाहने, त्यांचे सुटे भाग, औषधे, मद्य इ. तयार होतात. जुळणीपट्ट्यावरील वा यंत्रावरील कामगार आपले यंत्र घरी नेऊ शकत नाही. याच कारखान्यांतील लेखा, आरेखन व खरेदी या विभागांतील कर्मचारी संगणक घेऊन घरी गेले, तेव्हा एकाच फाटकातून येणाऱ्या माणसांचे दोन वर्ग पडले : एकाला वेतन व सुरक्षितता दोन्ही मिळाली, दुसऱ्याला यांपैकी एक निवडावे लागले. ज्यांना निवडही नव्हती, अशांमध्ये जालना येथील पोलाद कारखान्यातील मध्य प्रदेशचे मजूर होते. काम थांबल्यावर ते लोहमार्गाने चालत गावाकडे निघाले आणि ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले असता मालगाडीखाली सापडून त्यांपैकी सोळा जण मरण पावले.

ज्यांचे काम कागदाचे वा शब्दांचे होते, त्यांना स्थलांतर सुकर झाले. सर्वोच्च न्यायालयाने ६ एप्रिल २०२० रोजी दूरदृश्य पद्धतीने सुनावणीस वैधानिक आधार दिल्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढेही (स्थापना १९८१) वकील घरून युक्तिवाद करू लागले. मराठवाडा व खानदेश येथील दूरच्या तालुक्यांतून येणाऱ्या पक्षकारांचा प्रवास त्यामुळे वाचला. पुणे व बंगळूर येथील संगणकप्रणाली उद्योगांत नोकरीस असलेले अनेक तरुण गावी परतून तेथूनच काम करू लागले. वेतन शहराचे व खर्च गावाचा, हा त्यांचा लाभ होता. मात्र त्यांच्या शहरातील खोल्यांच्या भाड्यावर, खाणावळींवर व रिक्षांवर जगणारे लोक या हिशेबात येत नाहीत.

दूरसंदेशवहनावर आधारलेल्या सेवांसाठी पूर्वी जागेची नोंदणी, अनामत इ. जाचक अटी होत्या. केंद्रीय दूरसंचार विभागाने त्या प्रथम मार्च २०२० मध्ये तात्पुरत्या व ५ नोव्हेंबर २०२० रोजी कायमच्या शिथिल केल्या. त्याआधी २०१७ च्या प्रसूतिलाभविषयक दुरुस्ती अधिनियमात, कामाचे स्वरूप अनुकूल असल्यास रजेनंतर परस्परसंमतीने घरून काम देण्याची तरतूद झाली होती. विशेष आर्थिक क्षेत्रांतील घटकांना निम्म्यापर्यंत कर्मचाऱ्यांस एक वर्षपर्यंत घरून काम देण्याची मुभा जुलै २०२२ मध्ये मिळाली. या सर्व तरतुदी ‘परवानगी’च्या स्वरूपाच्या आहेत. घरची वीज, जागा व जोडणी यांचा खर्च कोणी सोसावा, कामाचे तास कोठे संपतात, घरात झालेली इजा कामावरील मानावी काय, हे प्रश्न त्यांत आलेले नाहीत.

घरून काम केल्याने उत्पादकता वाढते किंवा घटते, याविषयी एकच उत्तर देता येत नाही. चीनमधील एका प्रवाससंस्थेत २०१०-११ मध्ये निकोलस ब्लूम व सहकाऱ्यांनी केलेल्या नऊ महिन्यांच्या प्रयोगात घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले. परंतु त्याच गुणवत्तेच्या मानाने त्यांना बढत्या कमी मिळाल्या, आणि प्रयोग संपल्यावर त्यांच्यापैकी सु. निम्म्यांनी एकटेपणाला कंटाळून कार्यालयात परतणे पसंत केले. त्या प्रयोगात स्वतंत्र खोली असणे ही एक अट होती. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या कुटुंबास त्याचे निष्कर्ष लागू करताना ही अट ध्यानात घेणे आवश्यक आहे.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ मधील कालविनियोग पाहणीत घरगुती विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाचे सरासरी २९९ मिनिटे त्यांत जात असल्याचे, तर अशी कामे करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे जात असल्याचे आढळले. ही पाहणी महासाथीपूर्वीची आहे. पुढे कार्यालय व शाळा दोन्ही घरात आल्यावर हे काम वाढले आणि मोलकरीण येणे बंद झाले. शिक्षिकेची स्थिती सर्वांत बिकट होती. इतरांची मुले पडद्यावर शिकवीत असताना तिचे स्वतःचे मूल दुसऱ्या पडद्याच्या प्रतीक्षेत असे. दुसरीकडे, लहान मुलामुळे वा शहरात राहण्याची सोय नसल्यामुळे नोकरी सोडलेल्या अनेक सुशिक्षित स्त्रियांना भाषांतर, लेखापालन, शिकवणी इ. कामे याच पद्धतीने प्रथम मिळाली, हेही तितकेच खरे आहे.

कायदेशीर बाजू : बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम (२००९) १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. तो मुख्यतः शाळेची इमारत, शिक्षकांची संख्या, अंतर यांविषयी बोलतो. शाळा घरात आली तर काय, याचा विचार त्यात नाही. पुस्तके व गणवेश मोफत द्यावयाचे, तर ज्यावाचून वर्गात शिरताच येत नाही ते उपकरणही मोफत द्यावयास हवे काय, हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने १८ सप्टेंबर २०२० रोजी, दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांना शाळांनी उपकरण व जोडणी विनामूल्य पुरवावी, असा निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यास स्थगिती दिली. मात्र ऑक्टोबर २०२१ मध्ये याच न्यायालयाने साधनांअभावी होणाऱ्या विषमतेविषयी चिंता व्यक्त करून दिल्ली शासनास यावर योजना आखण्यास सांगितले. त्याच महिन्यात महाराष्ट्रात ग्रामीण भागातील पाचवी ते बारावी व शहरांतील आठवी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरू लागले होते.